सुपरचार्जर गाडीला आधी इनटेक (हवा आत घेणारा भाग) बदलायचा की एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा भाग)?

अरे घाई करू नकोस. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप, बेल्टवर फिरतो, म्हणजे त्याच्या तोंडाशी हवा अडली की बूस्ट (भरलेल्या हवेचा दाब) तिथेच मार खातो, म्हणून आधी इनटेक बघ, पण उघडा फिल्टर इंजिनाशेजारी नको, गरमच हवा ओढतो, नीट बंद एअरबॉक्सवालाच (फिल्टर बंद डब्यात असलेला) घे. आणि मॅफ सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) पाइपाचा व्यास वाढला तर रीडिंग चुकतं, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, इंजिनाचा कॉम्प्युटर ट्यून केल्याशिवाय ॲक्सिलरेटर दाबू नकोस प्लीज, पिस्टन जातील!

एक्झॉस्टचं म्हणशील तर कॅट-बॅकने (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा पाइप आणि सायलेन्सर) मुख्यतः आवाजच बदलतो. खरी पॉवर हेडर्समध्ये, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या पाइपांमध्ये. ते लावल्यावर गेजवर बूस्ट थोडा कमी दिसला तर घाबरू नकोस, हवा अडून न राहता इंजिनातून मोकळी जातेय म्हणून तसं दिसतं.