दीड लाखाची गाडी, बत्तीस हजारांचा गिअरबॉक्स

नमस्कार,

तुमचं पत्र लांब आहे, म्हणून इतर वाचकांसाठी आधी गोषवारा देतो. गाडी डिझेल सेडान, नोंदणी ऑगस्ट २०१४ची, धाव १ लाख ३८ हजार किलोमीटर. दुसरा गिअर टाकताना घासतो. तुळजापूरचा घाट उतरताना तिसरा आपोआप सुटतो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घूंघूं आवाज येतो, क्लच दाबला की थांबतो. सोलापुरात होटगी रोडवरचा तुमचा नेहमीचा मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त करायचे २४ हजार आणि क्लच सेटचे ८, असे ३२ हजार सांगतो. पुण्याच्या जुन्या बाजारातून वापरलेला गिअरबॉक्स आणून बसवायचा तर २२ हजार, क्लच वेगळा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा नव्या गिअरबॉक्सचा आकडा ८२ हजार. आणि मेहुण्यांचं म्हणणं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला? आहे तशी दीड लाखाला काढा, साडेसहा लाखांचं कर्ज घ्या, नवी आणा.

८२ हजारांच्या बाबतीत मेहुण्यांचं बरोबर आहे. तो पर्याय खोडून टाका. ३२ हजारांच्या बाबतीत मात्र त्यांची म्हण लागू पडत नाही, कारण ते खर्च गाडीच्या किमतीशी ताडून पाहतायत. ताडायचा तो पुढे मिळणाऱ्या वापराशी. तुमच्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी ऑगस्ट २०२९ला संपते. त्यानंतर फिटनेस, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर भरून गाडी ठेवता येते, पण आपण तो हिशेब धरूच नको. आजपासून तिथपर्यंत साधारण चाळीस महिने आहेत. ३२ हजारांना चाळीसने भागलं की महिना ८०० रुपये पडतात. साडेसहा लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १३,६५० च्या आसपास जातो आणि नुसतं व्याजच १ लाख ६९ हजार होतं. शिलाई मशिनच्या कर्जाचा साडेनऊ हजारांचा हप्ता आधीच चालू आहे. गणवेशाच्या धंद्यात शाळांचे पैसे जुलै-ऑगस्टशिवाय हातात येत नाहीत, हे तुम्हीच लिहिलंय. मग मार्च ते जून दोन्ही हप्ते कशातून जाणार?

विकायचीच ठरली तरी आधी दुरुस्त करा. आहे तशी दीड लाख आणि चालती असेल तर दोन लाख दहा हजार, असे एजंटचे दोन भाव तुम्ही कळवलेत. मधला फरक ६० हजारांचा आहे आणि काम ३२चं. ‘गिअरबॉक्स गेलाय’ म्हटलं की घेणारा सगळ्यात वाईट शक्यता धरूनच भाव पाडतो. फक्त नवीन मालकाला काय बदललंय ते बिलासकट सांगा.

मेहुण्यांचे दोन मुद्दे राहतात. सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, हे खरं. पण ‘तो जीएसटी धंद्यात वळता होईल’ हे चूक. तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवर तुमच्यासारख्या उत्पादकाला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा करण्याची सवलत, मिळत नाही, तिच्या दुरुस्तीवरही नाही. शिवाय पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात दहा लाखांच्या आत ११ टक्के रोड टॅक्स आहे. डिझेलला १३.

आता दुरुस्तीबद्दल, कारण खरा पैसा इथेच वाचतो किंवा जातो. तुमची लक्षणं मेकॅनिकच्या निदानाशी जुळतात. सगळेच गिअर, त्यातही रिव्हर्स, घासले असते तर मी आधी क्लच नीट सुटतोय का ते पाहायला सांगितलं असतं. एकटा दुसराच घासतो म्हणजे त्याची पितळी सिंक्रो रिंग (गिअर बसण्याआधी वेग जुळवणारी कडी) झिजलेली असण्याची शक्यता जास्त. क्लच दाबल्यावर थांबणारा आवाज बहुधा इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगचा असतो. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला असता तर संशय क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर गेला असता. मला काळजी सुटणाऱ्या तिसऱ्याची आहे. तिथे नुसती रिंग बदलून भागेलच असं नाही. गिअरचे दाते किंवा गिअर सरकवणारा शिफ्ट फोर्क झिजला असेल तर सुटे भाग वाढतात आणि बिलही.

म्हणून गाडी गॅरेजमध्ये सोडण्याआधी कमाल आकडा ठरवा. गिअरबॉक्स एकदा बाकावर उघडा पडला की घासाघीस करायची ताकद तुमच्याकडे उरत नाही. माझ्या मते तुमची मर्यादा ४५ हजार. मेकॅनिकला आजच सांगा, उघडल्यावर फोन कर, सुटे भाग दाखव, आकडा सांग, मगच पुढचं. आधी ऑईल काढून पाहायला सांगा. पिवळी बारीक चमक असेल तर रिंगांची झीज, लोखंडाचे तुकडे आले तर प्रकरण पुढे गेलंय. तुमच्या मॉडेलला ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे हादरे शोषणारं दुहेरी चाक) आहे का, हेही आत्ताच विचारा. काही डिझेल गाड्यांना ते असतं, महाग असतं आणि अंदाजपत्रकात हमखास राहून जातं. क्लच सेट मात्र याच वेळी टाका. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा भरण्यात अर्थ नाही.

जुन्या गिअरबॉक्सकडे मी ४५ हजारांच्या वर गेलं तरच वळेन. क्लच धरून तो ३० हजारांना पडतो, म्हणजे बचत दोन हजारांची, आणि आतली झीज किती ते कोणालाच ठाऊक नाही. घ्यावाच लागला तर नेमक्या त्याच इंजिन-व्हेरियंटचा, पावतीसह, आणि महिनाभरात बदलून देण्याचं लेखी घेऊनच.

विम्यातून काही निघेल ही आशा सोडा. झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही. पण पॉलिसीचा कागद काढलाच आहे तर ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग वाचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून मालवाहतूक वगळलेली असते. तुम्ही बार्शी-अक्कलकोटला मागची सीट पाडून गणवेशाचे गठ्ठे नेता, असं पत्रात सहज लिहून गेलात. त्या फेरीत अपघात झाला तर क्लेम अडकू शकतो, आणि तो आकडा गिअरबॉक्सच्या कितीतरी पट असेल. मोठी ऑर्डर भाड्याच्या छोट्या टेम्पोने पाठवा आणि ते भाडं शाळेच्या दरात धरा. मग ‘मोठ्या डिकीची नवी गाडी हवी’ हे कारणच उरत नाही.

सीझन संपल्यावर काम करू, असं तुम्ही म्हणता. ते करू नका. घाट उतरताना गिअर सुटला की इंजिनाचा लगाम जातो, सगळा भार ब्रेकवर येतो. आणि आवाज करणारं बेअरिंग तुटलं तर त्याचे तुकडे चांगल्या गिअरांतून फिरतात. मग ८२ हजारांचाच पर्याय उरेल. तीन-चार दिवस गाडी बंद राहील, ते मेच्या धांदलीआधी काढा.

पैसे बचत खात्यातल्या ४० हजारांतून द्या. त्यावर लागले तर १ लाख ९० हजारांच्या एफडीवर तात्पुरतं कर्ज घ्या, एफडी मोडू नका. क्रेडिट कार्डाच्या हप्त्याकडे पाहूही नका.

जुलैपासून महिना ६ हजारांची आवर्ती ठेव सुरू करा. ऑगस्ट २०२९पर्यंत व्याजासकट अडीच लाखांच्या आसपास जमतील, जुन्या गाडीचे येतील ते वेगळे. तेव्हा कर्ज बरंच कमी लागेल. ६ हजार दर महिन्याला बाजूला पडत नाहीत असं दिसलं, तर १३,६५० चा प्रश्नच मिटला.

एका गोष्टीने माझं मत बदलेल. गिअरबॉक्स उतरवण्याआधी मेकॅनिककडून इंजिनही तपासून घ्या. ते ऑईल पीत असेल, धूर टाकत असेल किंवा टर्बो गेलेला असेल, तर ३२ हजार घालू नका. आहे तशी दीड लाखाला काढा आणि सीझनभर भाड्याच्या गाडीवर भागवा. नव्या गाडीचं ऑगस्टमध्ये, शाळांचे पैसे आल्यावर बोलू.