पणजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना शहीद झाले, एवढंच माहितीये? मग त्यांची नोंद शोधायला असं करा

आधी घरातली जुनी ट्रंक, पेन्शनचे कागद, मेडल बघा. मेडलच्या कडेला त्यांचा लष्करी नंबर कोरलेला असला तर सोनंच, कारण नुसत्या नावाने शोधलं तर जाधव ढिगाने निघतात. मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात शहीद झालेल्यांच्या कबरी-स्मारकं सांभाळणारी संस्था) साइटवर शोधा, पण मराठा रेजिमेंट टाकताना मराठाच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच जास्त असतो हां (Mahratta), आणि आडनावाची स्पेलिंगं तर क्लार्कच्या मर्जीने. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, जिल्हा असतो, तो जुळवा. कबर नाही दिसली तर घाबरू नका, हिंदू जवानांचं दहन व्हायचं, नावं इटलीतल्याच सांग्रो किंवा फोर्लीच्या क्रिमेशन मेमोरियलवर (दहन झालेल्यांच्या स्मारकावर) सापडतात. नाहीतर कॅसिनो मेमोरियल बघा, ज्यांची कबर माहीत नाही त्यांची नावं तिथे आहेत; यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले, त्यांचंही नाव तिथेच आहे.