रॅम्पवरून एक्सप्रेसवेवर येताना आधी जाण्याचा हक्क कोणाचा?

मुख्य रस्त्यावर आधीपासून असलेल्या गाडीचा. आपण बाजूने येतोय, म्हणून वाट आपण द्यायची. मोटार वाहन (वाहनचालन) विनियम, 2017 मध्येही तत्त्व हेच आहे.

पण वाट देणं म्हणजे रॅम्पच्या टोकाला गाडी उभी करणं नव्हे. खरा धोका तिथेच आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाटीला कारची वेगमर्यादा ताशी 100 किमी आहे. तिथे वीसच्या वेगाने लेनमध्ये घुसलात तर मागच्याला ब्रेक मारायलाही वेळ मिळत नाही. रॅम्पच्या पुढची जादा लेन वेग वाढवण्यासाठीच असते, ती पूर्ण वापरा. उजवा इंडिकेटर लवकर द्या, आरसा बघा आणि मान वळवूनही बघा, कारण शेजारची गाडी आरशात दिसत नाही. आपण डावीकडून शिरतो आणि डाव्या लेनमध्ये ट्रक असतात. दोन ट्रकांमधल्या फटीत घुसू नका, एक जाऊ द्या.

मुख्य रस्त्यावरच्यांनाही कळकळीची विनंती: कोणी शिरताना दिसलं की मुद्दाम अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका. उजवी लेन मोकळी असेल तर इंडिकेटर देऊन सरका, नाहीतर पाय जरा सैल सोडा.