होस्टेलच्या शिस्त कमिटीत नवीन आलायस ना, मग हे वाच

अरे पहिलं म्हणजे तक्रार आली की लगेच आरोपीला बोलवायचं नाही, आधी तक्रार लेखी घे, तारीख टाक, आणि मग त्या पोराला एक दिवस आधी सांग की बाबा तुझ्यावर हे हे म्हणणं आहे, उद्या तुझी बाजू मांड. आपल्याकडे काय होतं, गंगापूर रोडला मिसळ खाता खाताच निकाल ठरतो अन् मीटिंग नुसती सह्यांपुरती! तुझा रूममेट अडकला असेल तर सरळ उठून बाहेर बस, कोण काही म्हणत नाही. रात्री उशिरा येणं, मेसमध्ये राडा, मोठ्याने गाणी, हे आपलं काम, दंड वगैरे पण रेक्टर सरांची सही झाल्याशिवाय लावायचा नाही. रॅगिंगला मात्र हात लावू नकोस, "मिटवून टाकू" तर अजिबातच नाही. महाराष्ट्रात 1999 चा कायदा आहे, 2 वर्षांपर्यंत कैद, आणि लेखी तक्रार आल्यावर प्राचार्यांना 7 दिवसांत चौकशी करावी लागते. तसलं काही आलं की त्याच रात्री रेक्टरना कळव आणि पोराला 1800-180-5522 हा हेल्पलाइन नंबर दे.