बोटी मोजणारे अप्पा

सप्रेम नमस्कार. माझे वडील, अप्पा, 87 वर्षांचे आहेत. हवाई दलातून ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून हर्णैच्या घरी एकटेच राहतात. मी ठाण्याला असते. रोज संध्याकाळी पडवीत बसून ते आमच्या वाडीच्या बोटी मोजतात. अकरा भरल्याशिवाय जेवत नाहीत. ऑक्टोबरात इंजिन बिघडून एक बोट रात्रभर आली नाही, तर पहाटेपर्यंत किनाऱ्यावर पावसात उभे! मी रागावले तेव्हा एवढंच म्हणाले, "सही माझी होती." 1971 च्या युद्धात ते कॅनबेरा बॉम्बर विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये फ्लाइट कमांडर, म्हणजे एका तुकडीचे प्रमुख होते. त्यांनी पाठवलेलं एक विमान परतलं नाही, आत दोघे होते, हे आईकडून कधीतरी ऐकलेलं. भाऊ म्हणतो, वयामुळे डोकं साथ देत नाही, त्यांना ठाण्याला घेऊन ये. मी शंभरदा सांगितलं, अप्पा, तुमचा दोष नव्हता, युद्ध होतं. असं म्हटलं की ते उठून आत जातात. नवल म्हणजे जून-जुलैत छान झोपतात. मी काय करू?

प्रिय ताई,

तुमचं ते नवल मी दोनदा वाचलं. 1 जून ते 31 जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. बोटी वर ओढून शाकारलेल्या. ते दोन महिने वाडीच्या बोटी समुद्रावर जात नाहीत, म्हणून अप्पांना कुणाची वाट पाहायची नसते. डोकं साथ देत नसलेला माणूस असा बंदीच्या तारखा पाहून झोपत नाही. तब्येत दाखवायलाच हवी, त्याबद्दल पुढे लिहिते, पण तुमच्या भावाचं म्हणणं मला पटलेलं नाही.

आता ती सही. हवाई दलात उड्डाणाआधी एका वहीत नोंद होते. तिला ऑथोरायझेशन बुक म्हणतात. विमान कोणतं, वैमानिक कोण, नेव्हिगेटर म्हणजे त्याला वाट सांगणारा कोण, काम काय आणि परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याची सही. देशाची, सरकारची किंवा युद्धाची सही तिथे नसते. एका माणसाच्या हातची असते. त्या रात्री दिव्याखाली बसून अप्पांनी दोन नावांसमोर स्वतःचं नाव लिहिलं. ती दोघं त्यांच्या रोजच्या पंगतीतली. कोण लग्नाचा आहे, कोणाच्या घरी पाळणा हलणार आहे, हे सगळं ठाऊक असताना लिहिलं.

आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. तुम्हाला ती कुणी सांगितली नसणार. आपल्या बॉम्बर कॅनबेरात माणसं दोनच, पण विमानातून बाहेर फेकणारी इजेक्शन सीट फक्त वैमानिकाला. नेव्हिगेटरने बाजूच्या दारातून पॅराशूट घेऊन उडी मारायची. ही विमानं रात्रीची जायची, बरेचदा अगदी खालून. तेवढ्या उंचीवरून दारापर्यंत पोचायला वेळ तरी मिळेल का? ज्याने ती जोडी ठरवली त्याने हा हिशेब केलेला असतो.

मग वाट पाहणं. विमानात तेल किती भरलंय हे सही करणाऱ्याला माहीत असतं, म्हणून त्याच्या वाट पाहण्यालाही घड्याळ असतं. एका ठरावीक मिनिटानंतर विमान आकाशात असूच शकत नाही. त्यानंतर उरतो फोन, दुसऱ्या कुठल्या धावपट्टीवर उतरल्याचा. तो आला नाही. आणि ताई, दुसऱ्या संध्याकाळी तीच वही पुन्हा उघडावी लागते. 3 डिसेंबरला सुरू झालेलं युद्ध दोन आठवडे चाललं. उरलेली पोरं कमांडरच्या तोंडाकडे बघत असतात, तो ढासळला तर ती कुणाच्या भरवशावर उडणार? त्यामुळे त्याला रडायला जागाच नसते. घरी मरण आलं तर आपण दहा दिवस सुतक तरी पाळतो. अप्पांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

तुम्ही विचाराल, मग इतकी वर्षं बोलले का नाहीत? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमधून सुमारे 1,25,000 जण उडाले, त्यातले 55,573 मेले. अशा ठिकाणीसुद्धा ज्याला आता झेपत नाही म्हणावंसं वाटे, त्याच्या कागदावर मनोधैर्य नसल्याचा शेरा बसे. आपलं हवाई दल 1932 साली इंग्रजांनीच उभं केलेलं. तोच शेरा आपल्याकडे मारत, असं मी म्हणत नाही. पण उडणाऱ्या माणसाला एक धाक कायमचा असतो. डॉक्टरपुढे मन मोकळं केलं तर मेडिकल कॅटेगरी खाली येईल आणि जमिनीवर बसावं लागेल. तुम्ही मानसोपचारतज्ज्ञ म्हणाल, तेव्हा अप्पांच्या कानावर हेच पडेल.

माझे मामा तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते. एका रात्री जाळं ओढताना एक खलाशी पाण्यात गेला, अठरा-एकोणीस वर्षांचा. त्याला त्या दोरावर मामांनीच उभं केलं होतं. सगळा गाव समजूत घालायला आला. दर्याची मर्जी, तुझा काय दोष. मामा उठून परसात जायचे. फक्त आजी म्हणायची, "त्याला तिखट कालवण आवडायचं ना रे?" तेव्हा मामा बसून राहायचे. बोलायचेसुद्धा.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, "तुमचा दोष नव्हता" हे वाक्य आजपासून बंद करा. तुम्ही ते प्रेमाने म्हणता, मला कळतं. पण अप्पा दोषाबद्दल बोलतच नाहीयेत. सही माझी होती, म्हणजे ती दोघं माझी होती. तुम्ही दोष पुसायला जाता आणि त्यांना वाटतं, हिला ती दोघंही पुसायची आहेत. बरं, माफी द्यायची म्हटली तरी ती तुमच्या-माझ्या हातात नाही. आई त्यांच्याशेजारी पडवीत बसायची का हो? तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला तसं वाटतं. नावं ठाऊक असलेलं घरातलं दुसरं माणूस तीच असणार.

तुम्ही ती नावं विचारा. युद्धाचं, विमानाचं काही नको. दोघांची नावं काय होती, घरी कोण होतं, खायला काय आवडायचं, हसायचे कसे. पहिल्यांदा उत्तर येणार नाही. पुढच्या खेपेला पुन्हा विचारा. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, त्याग चक्राच्या भिंतींवर, शहिदांची नावं कोरलेली आहेत. कधी अप्पा स्वतःहून म्हणाले तर घेऊन जा, आपण होऊन बेत आखू नका.

ठाण्याला मात्र मुळीच नेऊ नका. सातव्या मजल्यावरून ते काय मोजतील? उलट वाडीतल्या तांडेलांशी बोला. निघताना बोटीचं नाव, माणसं किती, परतायची वेळ, एवढं अप्पांना सांगून जायचं. अप्पांनी वहीत लिहायचं. परवानगी नाही, सही नाही, फक्त नोंद. बोट फारच उशीर करू लागली तर इतर बोटींना कळवायचं आणि तटरक्षक दलाच्या 1554 वर फोन करायचा. त्या डिसेंबरात फोनची वाट पाहण्यापलीकडे हातात काही नव्हतं. आता फोन ते स्वतः करू शकतील. यामुळे त्यांची घालमेल वाढतेय असं दिसलं तर मात्र लगेच थांबवा.

आणि तब्येत. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये न्या आणि झोप व जेवणाची तक्रार सांगा, ती खरीच आहे. स्मरणशक्तीही तपासून घ्या. तिथल्या डॉक्टरांना 1971 चं आधी एकट्याने भेटून सांगा. जेवण फारच तुटलं, किंवा "आता पुरे झालं" अशी भाषा आली, तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर कधीही मराठीत बोलता येतं, तुम्हालासुद्धा. दोन वर्षं रोज संध्याकाळी ठाण्यात बसून अप्पा जेवले असतील का, याचा घोर तुम्हीही वाहताय.

पुढच्या शनिवारी हर्णैला गेलात की खुर्ची त्यांच्याशेजारी ओढा. एखादी बोट उशीर करत असेल तर "येईल हो" म्हणू नका. "किती राहिल्या?" एवढंच विचारा, आणि ताट तेव्हाच वाढा.