नाकाच्या स्प्रेबद्दल विचारायला विसरू नकोस
पेशंटची माहिती घेताना चालू औषधं विचारलीस की तो बीपीची गोळी सांगेल, उशाखालचा नाकाचा स्प्रे नाही सांगणार. त्याच्या लेखी ते औषधच नसतं! म्हणून वेगळं विचार: किती दिवस, दिवसातून किती वेळा. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन ही अशा स्प्रेमधली औषधं नाकातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात, नाक झटकन मोकळं होतं. पण ३ ते ५ दिवसांपुढे वापरलं की असर उतरताच नाक पुन्हा चोंदतं, माणूस पुन्हा फवारतो. सर्दी कधीच गेलेली असते, स्प्रे मात्र सुटत नाही. अशाला रागावू नकोस, लपवायला लागेल. आधी एका नाकपुडीत बंद करायला सांग. सोबत सलाइनचा, म्हणजे मिठाच्या पाण्याचा स्प्रे. स्टिरॉइड स्प्रेचं डॉक्टर ठरवतील. बीपी, हृदयविकार असेल तर लगेच डॉक्टरांच्या कानावर घाल.