सीएचमॉड केले म्हणजे एसीएल कॉपी झाली असे नव्हे

सी प्रोग्रॅममध्ये फाईल कॉपी करताना मूळ फाईलचा मोड (मालक, ग्रुप आणि इतर यांच्या परवानग्यांचे बिट) स्टॅटने वाचून तोच नव्या फाईलवर सीएचमॉडने लावला तर परवानग्या उतरवायला तेवढे पुरेल का, असे आपण विचारले आहे. मुळीच पुरणार नाही, कारण एसीएल, म्हणजे ठरावीक माणसांना किंवा ग्रुपना वेगळी परवानगी देणारी फाईलची जादा यादी, त्याने येत नाही. लातूरकडच्या एका साखर कारखान्यात याच मुद्द्यावर माझा वरिष्ठांशी कडाक्याचा वाद झाला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

तिथे ऊसबिलांच्या फाईलींचा ग्रुप शेतकी विभागाचा होता, पण ग्रुपला कसलीच परवानगी नव्हती. लेखा विभागातील एका लेखनिकाला तेवढी एसीएलमधून वाचण्या-लिहिण्याची मुभा होती. अशी एसीएल असली की मोडमधले ग्रुपचे तीन बिट ग्रुपचे राहत नाहीत, ते मास्क, म्हणजे ग्रुपला आणि एसीएलमधल्या नावानिशी नोंदींना मिळू शकणाऱ्या परवानगीची कमाल मर्यादा, दाखवतात. त्यामुळे ग्रुपला शून्य असूनही मोड ०६६०, म्हणजे मालक आणि ग्रुप दोघांनाही वाचण्या-लिहिण्याची परवानगी, असा दिसतो. नव्या सर्व्हरवर फाईली नेताना वरिष्ठांच्या प्रोग्रॅमने तोच ०६६० लावला आणि एसीएल मागेच राहिली. लेखनिकाला फाईल उघडेना, आणि अख्ख्या शेतकी विभागाला मात्र बिलांत फेरफार करण्याची वाट मोकळी झाली. एसीएल दाखवणाऱ्या गेटएफएसीएल आज्ञेने जुन्या फाईलबद्दल दिलेले उत्तर मी त्यांच्यापुढे ठेवले: ग्रुपपुढे तीन आडव्या रेघा (काहीच परवानगी नाही), मास्कपुढे आरडब्ल्यू (वाचणे-लिहिणे). तरीही ‘परवानग्या जशाच्या तशा आल्या आहेत’ हेच त्यांचे पालुपद. एलएसच्या यादीत मोडला चिकटलेले, एसीएल असल्याची खूण असलेले अधिक चिन्ह ज्यांना खटकत नाही, त्यांनी कॉपीचा प्रोग्रॅम लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवी फाईल ०६०० ने (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) उघडावी, मजकूर उतरवावा, मग मालक आणि ग्रुप लावायला एफसीएचओन, सेटयूआयडीसारखे (प्रोग्रॅम मालकाच्या हक्काने चालवणारे) बिट हवेच असतील तर एफसीएचमॉड, आणि सर्वांत शेवटी एसीएल_गेट_एफडीने घेतलेली यादी एसीएल_सेट_एफडीने लावून एसीएल_फ्री करावे. मूळ फाईलला खास एसीएल नसली तरी मालक, ग्रुप आणि इतर अशा तीन नोंदी मिळतातच, त्यामुळे त्यासाठी वेगळी अट घालण्याची गरज नाही.

डिरेक्टरीची डिफॉल्ट एसीएल (तिच्यात नव्याने बनणाऱ्या फाईलींना मिळणारी) मात्र वेगळी वाचावी लागते. शिवाय नोंदी नावाने नव्हे तर यूआयडीच्या, म्हणजे वापरकर्त्याच्या क्रमांकाच्या, आकड्याने साठवल्या जातात, म्हणून दुसऱ्या मशीनवर तोच आकडा भलत्याच माणसाचा निघू शकतो. नव्या फाईलसिस्टीमला एसीएल चालत नसेल तर ईनॉटसप ही ‘सोय उपलब्ध नाही’ सांगणारी त्रुटी येते. तेव्हा ग्रुपची मूळ नोंद आणि मास्क या दोहोंत जे समान असेल तेवढेच ग्रुपला द्यावे, स्टॅटमधला मोड सरळ लावू नये. आमच्या वरिष्ठांनी नेमका तो मोडच सरळ लावला होता.